फौजदाराची बदली

ट्रिगरफिश पाळायचाच तर एकट्या जिवाने पाळावा, बायको असलेल्या माणसाने त्या भानगडीत पडू नये, असं तिचं तीन वर्षांच्या अनुभवानंतरचं ठाम मत होतं. तळमजल्यावरच्या एकुलत्या एका खोलीत नवऱ्याने खाऱ्या पाण्याची सहा फुटी टाकी बसवली होती आणि तिच्यात हा एकच वीतभर मासा. एकच, कारण बाकीचे त्याने खाल्ले. गोगलगायी दातांनी फोडल्या, हीटरची वायर कुरतडली, काच पुसायला जावं तर तोंडावर पिचकारी मारायचा. दगड रोज इकडचे तिकडे करायचा, म्हणून नवऱ्याने शेवटी ते टाकीच्या तळाला कायमचे चिकटवून टाकले. घरात त्याचं नाव फौजदार. बायकोचा वाढदिवस नवऱ्याच्या लक्षात राहत नसे, पाण्यातलं मीठ मात्र दिवसातून दोनदा तपासलं जायचं.

आज फौजदाराची बदली होती. तिच्या वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, जिना चढायला सक्त मनाई, आणि संध्याकाळी त्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. खाट दुसरीकडे मावणार कुठे? नवरा महिनाभर "हो हो, बघतो" म्हणत राहिला. शेवटी मासा घेऊन जायला तिनेच माशांच्या दुकानदाराला बोलावलं.

दुकानदार आयुष्यभर गोड्या पाण्यातले गरीब मासे विकणारा. त्याने जाळी बुडवली मात्र, फौजदार दगडाच्या कपारीत घुसला, पाठीवरचा काटा ताठ उभा केला आणि आत घट्ट अडकून बसला. ओढून ओढून दुकानदाराला घाम फुटला.

"साहेब, दगड फोडावा लागेल."

"छे छे, मासा मरेल!" नवऱ्याने तिच्याकडे वळून हात पसरले. "बघ, माझी काही ना नाही. पण तोच निघत नाही, त्याला मी काय करू? बाबा राहतील की आठवडाभर दवाखान्यातच."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला टाकीसमोर बसवून याने एकच गोष्ट ऐकवली होती. मोठा काटा एकदा उभा राहिला की पहिलवानालाही वाकवता येत नाही, पण त्याच्या मागचा छोटा काटा बोटाने दाबा, मोठा आपोआप आडवा होतो. तिला ती गोष्ट पाठ होती.

"मागचा छोटा काटा दाबा ना," ती नवऱ्याला म्हणाली.

"कुठला काटा?"

"पाहुण्यांचा चहा गार होईपर्यंत सांगता, तो काटा!"

नवरा एकदम दुकानदाराची बादली न्याहाळू लागला. मग तिने बाही वर केली आणि स्वतःच हात घातला. कपारीत चाचपून छोटा काटा दाबला. मोठा खरंच आडवा झाला. फौजदार सुटला, गर्रकन वळला आणि तिच्या अंगठ्याला कडकडून चावला. दाताच्या दवाखान्यात बारा वर्षं लोकांच्या तोंडात बोटं घालत होती, पण असं तिला कोणी चावलं नव्हतं. तरी तिने त्याला सोडलं नाही, तसाच जाळीत लोटला. दुकानदाराने जाळी बादलीत उपडी केली. फरशीवर रक्ताचे थेंब पडले.

"अगं, अगं!" नवरा धावत आला आणि बादलीत डोकावला. "त्याला लागलं नाही ना?"

दुकानदाराने मान खाली घातली.

टाकी नीट बसावी म्हणून याच माणसाने चार महिने भिंत मोजली होती. खाट एकदाही मोजली नव्हती. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचाच जास्त राग आला. अंगठा रुमालात गुंडाळून तिने कपाटातली मोजपट्टी काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

"आधी टाकी उपसा," ती म्हणाली. "मग माझ्या बाबांची खाट मोजा."