पुसलेला आरसा

बशीत घड्याळ टण्णकन वाजलं... कडेचा टवका उडालेली तीच बशी, तोच आवाज. लेझरच्या टेबलावर वाकण्याआधी मनगट मोकळं करायचं, नाहीतर घड्याळावरून उडालेला किरण भलत्याच्याच डोळ्यात जायचा — ऑर्सेच्या प्रयोगशाळेतल्या या तळघराचा हा नियम, आणि ओदिलच्या मनगटावरचा गोरा पट्टा त्या नियमाइतकाच जुना.

"ओदिल, वर सगळे खोळंबलेत गं! निरोप तुझा आणि तूच गायब?" मायेल दारातून ओरडली. ओदिलची शेवटची विद्यार्थिनी.

"येते. एकदा हा लेझर पेटू दे."

उद्या हे टेबल सुटं होणार, आरसे खोक्यांत जाणार. पेटला तर आजच... आणि विझवला कुणी? तिनंच! जुळलेल्या लेझरचा आरसा कुणी पुसतं का? नवशिक्यानं पुसला असता तर तिनं तळघर डोक्यावर घेतलं असतं. पण सकाळी निरोपाच्या हळवेपणात — मी, मी हे काय केलं — तिनं धूळ टिपली, आरसा केसभर कलला आणि उजेड गेला. याच पिवळ्या उजेडात तिनं आणि तिचा सहकारी लुसियाँ यानं पहिल्यांदा प्रकाशाचा एकटा कण, एकटा फोटॉन पकडला होता. मग बक्षिसं आली, जगभरची व्याख्यानं आली, पण डोळे मिटले की दिसायचा तो अंधार आणि अंधारात आरसे कलवायचे दोन स्क्रू : पुढचा लुसियाँनं भराभर हलवायचा, मागचा तिनं कणाकणानं फिरवायचा, कुठेतरी दोघांचं जुळलं की समोर धरलेल्या कार्डावर क्षणभर चमक, आणि लुसियाँ ओरडायचा —

"गेली! मागे फिरव, मागे! कोळ्याची पोर ना तू, जाळं ओढल्यासारखी काय फिरवतेस?"

"आणि तू काय अंडी फेटतोयस?"

कित्ती हसायचे दोघं! लुसियाँ गेल्या हिवाळ्यात गेला. आता दोन्ही स्क्रू तिच्या एकटीच्या हातात. आणि उजवा हात, जो ती हल्ली सभांमध्ये खिशात लपवते, मागच्या स्क्रूवर नुसता थरथरत होता.

बशीत पुन्हा खळखळाट झाला. मायेलनं बांगड्या काढून टाकल्या होत्या.

"सरक. मागचा मला दे, तू पुढचा घे."

"अगं, माझा हात..."

"थरथरतोय, माहितीये. पुढचा हलवायचाच असतो ना? मग हलू दे की!"

ओदिलनं लुसियाँचा स्क्रू धरला. हात आपल्या लयीत थरथरत राहिला, तिनं आवरला नाही. शेजारी मायेल श्वास रोखून फिरवत होती, कणाकणानं... आणि कार्डावर पिवळं काहीतरी लखकन आलं, गेलं.

"दिसली? ओदिल, दिसली? मागे फिरवू?"

ओठांवर लुसियाँचंच 'मागे, मागे!' आलं होतं. पण वरून बाटलीचं बूच उडाल्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं, आणि ती अंधारात स्क्रू न सोडता तशीच उभी राहिली — चमक अजून इथंच आहे, केसभर मागे, आणि हा हात आपलाच की लुसियाँचा, हे तिला आत्ता ठरवायचंच नव्हतं...