पाण्यावर गेलेली काहील

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. उसाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई. निपाणीच्या लोहारांनी मला ठोकून घडवले आणि मारुतीरावांच्या गुऱ्हाळात चुलवाणावर बसवले. काय माझा थाट होता! रस उकळू लागला की घमघमाट रस्त्यापर्यंत जायचा आणि वाटसरू आपोआप आत वळायचा. माझ्याजवळ कोणी चप्पल घालून आलेले मारुतीरावांच्या पत्नी जयाबाईंना मुळीच खपत नसे.

पुढे ऊस कारखान्याला जाऊ लागला. मारुतीराव गेले, चुलवाण विझले आणि त्यांच्या मुलाने मला विकून टाकले. गरज सरो, वैद्य मरो! मला घेतले मासेमार आण्णाप्पाने. धरणाच्या पाण्यावर, रिकाम्या पिंपांना बांबू बांधून मासेमारांनी तरंगती वस्ती केली आहे. तिथे मी होडी झाले. जिथे गूळ रटरटला, तिथे मासळी तडफडू लागली. कामाला मी कधी नाही म्हटले नाही. पण मला घराची फार आठवण यायची.

गेल्या हिवाळ्यात वस्ती बघायला पाहुणे आले. त्यांत जयाबाई होत्या, नात ऋतिकाचा हात धरून. मला बघताच त्यांनी पायांतल्या चपला काढल्या.

"आक्का, घाला की चपला. बूड वलं हाय," आण्णाप्पा हसून म्हणाला.

"काहिलीत चप्पल घालून पाय ठेवू व्हय रं?"

आत बसताना माझ्या काठावर कोरलेले मारुतीरावांचे नाव त्यांनी बोटांनी चाचपले. "ही आमचीच हाय गं! मला परत दे, बाबा."

माझा पत्रा न् पत्रा शहारला.

"न्ह्या की, आक्का," आण्णाप्पा डोके खाजवत म्हणाला. "पर वस्तीतली पोरं हिच्यातनंच शाळंला जात्यात. दुसरी मिळस्तवर थांबा."

"आज्जी, पर ठेवायची कुठं?" ऋतिकाने विचारले. "चुलवाणाच्या जागी पप्पांची गाडी असत्या."

 जयाबाई माझ्या काठावर हात ठेवून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तिकडं नुसती गंजत पडंल. हितं पोरं तरी बसत्यात."

त्यांचे बरोबरच होते. तरीही मला रडू आले.

मित्रांनो, जुनी वस्तू कुणाला द्यायची झाली तर खुशाल द्या, पण कधीतरी तिची विचारपूस करायला जा. जयाबाई पुन्हा आल्या नाहीत. धरणाच्या काठावर कुणी म्हातारी दिसली की मी अजून तिकडे कलते. आण्णाप्पाला वाटते, वारा सुटला.