ऑस्बर्टची फळी

आमच्या गावातल्या वाचक मंडळात वाचत कुणीच नाही. चहा पितात, लिंबाचा केक खातात आणि मतं देतात. मत द्यायला पुस्तक कशाला लागतंय!

त्या गुरुवारी मात्र मला जाणं भागच होतं. चर्चजवळच्या लाल टेलिफोनच्या खोक्यातला फोन जाऊन गावासाठी फुकट वाचायची पुस्तकं आली, तेव्हापासून तिथली मधली फळी माझ्या नवऱ्याने, ऑस्बर्टने जमवलेल्या रहस्यकथांची. तो गेल्यावर त्याचं म्हणून गावात एवढंच उरलं होतं. आमची अध्यक्षीणबाई लव्हिनिया हॅदरसेज हिला तिथे मनःशांतीची पुस्तकं लावायची होती. ऑस्बर्टची सगळ्यात लाडकी, आता कुठेही न मिळणारी खूनकथा सगळ्यांनी आळीपाळीने वाचायची आणि ती टाकाऊ ठरली तर अख्खी फळी भंगारात, असं तिने ठरवून टाकलं.

"मी तर सुरुवातीलाच ओळखलं," लव्हिनिया म्हणाली. "डॉक्टर! इतकं उघड? वाचकांना काय दूधखुळे समजतो हा लेखक?"

"आणि भाषा? शी!" निवृत्त हेडमास्तर ओडबींनी केकचा तुकडा तोंडात ढकलला. "माझ्या चौथीतल्या पोरांनी बरी लिहिली असती. डॉक्टरने हातमोजे काढले तेव्हाच मी बायकोला म्हटलं, हाच तो."

"बायको शेजारी बसून वाचत होती वाटतं?" मी विचारलं. ते केक चावत राहिले.

"त्या बाईचे झगे मात्र काय सुंदर होते!" पोस्टातली ब्रिजेट म्हणाली. "बाकी अगदीच बाळबोध. तो डॉक्टर दिसतोच मेला खुनी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ऑस्बर्टचा जुना मित्र एनॉक, म्हातारा दातांचा डॉक्टर, कानामागे हात धरून ऐकत होता. "मला शेवटपर्यंत कळलं नाही बुवा," तो म्हणाला. "काय फसवलंय! मी लगेच पुन्हा पहिल्यापासून वाचलं."

"तुम्हाला दारावरची घंटा तरी कुठे कळते, एनॉक!" लव्हिनिया हसली, तिच्यामागे बाकीचेही हसले. "बरं, फळी काढायची म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

"थांब," मी म्हटलं आणि पुस्तक उचललं. "लव्हिनिया, डॉक्टर पाचव्या प्रकरणात तळ्यात बुडून मरतो. त्यानंतर बिचारा काही करत नाही."

मी पुस्तक त्यांच्यापुढे नाचवलं.

"खुनी टीव्हीवाल्यांनी बदललाय. रविवारी लागला होता या पुस्तकावरचा सिनेमा. मीही पाहिला, आणि टीव्हीला उशी फेकून मारली. हे पुस्तक तुमच्या घरी आठवडा-आठवडा राहून आलं, एनॉक सोडला तर उघडलं कुणी?"

ब्रिजेट लाल झाली. "मी चाळलं होतं, डॉर्कस," लव्हिनिया पुटपुटली.

"मग..." ओडबींनी बशी खाली ठेवली. "खुनी कोण हो?"

तिघंही पुढे वाकली. एनॉकने सांगायला तोंड उघडलं, तसा मी त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. एरवी ओरडूनही न कळणारा माणूस, लगेच गप्प झाला.

"फळीवर आहे," मी म्हटलं. "फळी राहिली तर."

एकही हात वर गेला नाही. निघताना लव्हिनियाने दाराशी मला गाठलं. "ए डॉर्कस, माझ्यापुरतं तरी सांग ना. मला आज झोप लागायची नाही गं."

ऑस्बर्ट असता तर त्याने तिथेच सांगून टाकलं असतं. तो भला माणूस होता. मी तिच्यादेखत पुस्तक आधी ओडबींच्या हातात दिलं आणि घरी गेले.