जबल अलीचा रक्तदाबमापक

मित्रांनो, माझ्या पोटात पारा आहे, म्हणून हल्ली मला कुणी हात लावत नाही. मी एक जुना रक्तदाबमापक. दुबईतल्या जबल अलीच्या कामगार वसाहतीतल्या दवाखान्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असतो.

काचेची नळी, खाकी पट्टा आणि रबरी फुगा घेऊन मी समुद्र ओलांडला आणि हुमेरा सिस्टरांच्या टेबलावर आलो. सिस्टर मूळच्या मिरजेच्या. संध्याकाळी कंपनीच्या बस परतल्या की दारात रांग लागे. "या मशीनवर माझा भरवसा आहे," असं सिस्टर म्हणत आणि मला धन्य वाटे.

त्या रांगेत सोमनाथ असे. संगमेश्वरकडचा वेल्डर. माझा पट्टा त्याच्या दंडाला बांधला की पारा झरझर वर चढे. सिस्टर गोळ्या देत आणि वर दमही भरत, "सोमनाथभाऊ, गोळी चुकवायची नाही. बरं वाटलं तरी नाही."

"नाय चुकवणार, सिस्टर. पोरगी बारावीला आहे," तो म्हणे. हळूहळू पारा उतरू लागला.

मग कंपनीने त्याला अबुधाबीला, अल रीम आयलंडवरच्या टॉवरच्या कामाला पाठवलं. दोन अमिरातींची आरोग्यखाती वेगळी. त्या काळी इथल्या दवाखान्यातली नोंद तिथल्या डॉक्टरांना दिसत नसे. तिकडे सोमनाथ धडधाकट माणूस ठरला.

काही महिन्यांनी त्याच्या खोलीत राहणारा भिकाजी इकडे आला आणि दंड पुढे न करता नुसताच स्टुलावर बसला.

"सिस्टर, सोमनाथ परांचीवरच कोसळला. उजवं अंग गेलं. वाचा पण गेली."

"गोळ्या घेत होता ना?"

"संपलेल्या. मी म्हटलं, डॉक्टरला सांग. तर म्हणाला, बीपी कळलं की अनफिट करतील, मग नोकरी खलास. तिथं कुणाला ठाऊकच नव्हतं."

सिस्टर माझा पट्टा गुंडाळत राहिल्या, पुन्हा सोडत राहिल्या. मला ठाऊक होतं, मित्रांनो. पण ते या खोलीच्या बाहेर गेलं नाही.

सोमनाथला गावी नेलं. पुढच्या वर्षी तो गेल्याचं भिकाजीनेच कळवलं.

त्यानंतर सरकारी धोरण बदललं. दोन्हीकडचे दवाखाने संगणकाने एकमेकांशी जोडले गेले. माणूस कुठेही गेला तरी त्याचं जुनं दुखणं, चालू औषधं नव्या डॉक्टरांसमोर येऊ लागली. माझ्या जागी आकडे थेट संगणकाला कळवणारं यंत्र आलं. मला त्याचा राग नाही. ते थोडं आधी यायला हवं होतं, एवढंच.

पहिल्या दिवशी सिस्टरांनी त्या संगणकात सोमनाथचं नाव घातलं. असा रुग्ण नाही, असं उत्तर आलं; त्याच्या नोंदी जुन्या कागदी वहीतच राहिल्या होत्या. मग त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची रोजची गोळी चालू असेल, तर गाव बदललं तरी नव्या डॉक्टरांना ते सांगायला लावा. ते घाबरत असतील, तर सोबत जा आणि तुम्हीच सांगा.