सतरावी ओळ

सकाळी दहा चाळीस. रिसीव्हरच्या गुंडाळीदार वायरीला पीळ पडले होते, ते एकेक करून सोडवत इफ्फत ऐकत होती. अकोल्याहून सुभद्राताई बोलत होत्या. न उगवलेल्या बियाण्यांच्या तक्रारी गोळा करणारी समिती त्या चालवत.

"पोरी, तुही मशीन झोपली काय वं? अकरा दिवस झाले, एक पत्र नाई. अन् आज वामनरावचा फोन. म्हने, ताई, तक्रार वापस घेतो, कंपनीचा मानूस घरी येऊन गेला. मी म्हनलं, बाप्पा, कोनती तक्रार? मले तं भेटलीच नाई!"

"बघते, ताई."

"पाह्य लवकर. सोमवारी सुनावनी हाय. रिकामी फाइल घेऊन जाऊ काय मी?"

फोन ठेवल्यावरही वायर तिच्या बोटात होती. अकरा दिवस... म्हणजे समितीचा नवा पत्ता सुरू झाला त्या दिवसापासून. राजापेठेतल्या या खोलीत, कोपऱ्यातल्या लिनक्सच्या यंत्रावर, आधी फक्त त्याच बियाणे कंपनीची ई-मेल पत्रं येत. तिनं त्याच यंत्राला समितीचं डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, जोडलं होतं. दोघांच्याही पत्त्याचा पुढचा भाग एकच – 'इन्फो'. डोमेनवार वेगळ्या पेट्या करायला हव्या होत्या. तिनं केल्या नव्हत्या. यंत्रानं मागचा भाग पाहिलाच नाही, दोघांचीही पत्रं एकाच पेटीत टाकली. आणि ती पेटी कंपनीची होती, दर दहा मिनिटांनी कंपनीचा संगणक ती उपसून नेत होता.

चाचणी केली होती मी. पत्र पाठवलं होतं, नोंदीत 'पोचलं' असं आलं होतं – कुठे पोचलं ते पाहिलं नव्हतं, कारण भारनियमन सुरू व्हायला पाच मिनिटं उरली होती आणि अचलपूरची गाडी... नाही, गाडीला अजून वेळ होता. मला 'पोचलं' हा शब्द पुरला होता.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. दोन पेट्या, दोन पत्ते, दोन चाचण्या; या वेळी तिनं दोन्ही पेट्या उघडून पाहिल्या. मग मागच्या नोंदी काढल्या. सतरा पत्रं. पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, वेळ, एवढंच. मजकूर नोंदीत नसतो.

खुशालराव, या जागेचे मालक, उभ्यानंच ऐकत राहिले. "दुरुस्त झालं ना?"

"हो. पण सतरा लोकांची नावं कंपनीकडे गेली, काका. ताईंना सांगावं लागेल."

"अन् कंपनीले? तिच्याच भरवशावर ही खोली चालते." त्यांनी पडद्यावरच्या नोंदींकडे बोट केलं. "हे नोंदी रविवारी आपोआप पुसल्या जाते ना?"

"जातात."

"मंग तू काहून हात लावतं? काई करू नको फक्त." आवाज खाली आणून म्हणाले, "तुह्या अब्बाले म्याच शब्द देल्ला होता, इफ्फत. पोरीले सांभाळतो म्हनून."

ते खरं होतं. ते स्वतः अचलपूरला आले होते, ओसरीवर तीन वेळा चहा घेतला होता, आणि तिसऱ्या कपानंतर अब्बा तिच्या नोकरीला 'ठीक आहे' म्हणाले होते. नोकरी गेली तर ते 'ठीक आहे'ही जाणार... काही करू नको फक्त. इतकं सोपं काम आजवर तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं सोळा पत्ते कागदावर उतरवले. कशासाठी, ते ठरलं नव्हतं. सतरावा पत्ता माणसाचा नव्हता. चांदूर बाजारच्या एका संगणक केंद्राचा होता. तीन वाजता तिनं तिथे फोन लावला.

"सहा तारखेचं? मॅडम, ज्याचा पत्ता नसते त्याचं आमच्या पत्त्यावरून टाकतो. त्या दिवशी बाजार होता. मालूम नाई कोन होतं."

"काहीच आठवत नाही?"

"दिवसाले तीस पत्रं टाइप करतो मी, काय काय ध्यानात ठेवू? प्रत काई ठेवत नाई आमी. नाव सांगतलं असन त्यायनं, आतमंदी हायच ना. तुमीच पाहा."

आत. आतलं आता फक्त कंपनीकडे होतं.

सकाळपासून तिला वाटत होतं की सांगायचं किंवा नाही, एवढंच आहे. सांगितलं की नोकरी जाईल, पण आपण सुटू. ते वाटणं आता तिला सापडेना. सोळा जणांना सावध करता येईल. त्या एकाकडे कंपनीचा माणूस पोचेल, किंवा पोचलाही असेल, आणि तो मनात विचारेल की समितीतल्या कुणी आपलं नाव दिलं. त्याला 'मी' म्हणून सांगायला मी कुठे जाऊ?

साडेचारला सुभद्राताईंचा फोन लागला नाही. पाच वाजता पुन्हा लावला, तेव्हा लाइन व्यस्त होती. कागदावर सोळा पत्त्यांखाली सतरावी ओळ कोरी ठेवून तिनं पुन्हा नंबर फिरवला.