मोठ्या बाईंची मळमळ

पित्ताशय काढून पाच दिवस झाले तरी मोठ्या बाईंची मळमळ काही थांबेना. त्याहून अवघड होती ती भेटायला येणारी माणसं. मळमळ निदान तासाभरात ओसरायची. माणसं चहा झाल्याशिवाय हलत नसत. चौतीस वर्षं शाळा धाकात ठेवलेल्या बाईंची पाहुण्यांपुढे मात्र डाळ शिजत नव्हती.

त्या दिवशी नणंद पलंगावरच ठाण मांडून बसली. "माझ्या जावेच्या भावाचंही हेच ऑपरेशन झालं होतं. बिचारा," तिनं सुरुवात केली आणि बाईंना ढवळून आलं. "वन्सं, उलटी होईल बहुतेक," म्हणत त्यांनी भांडं ओढलं. उलटी झाली नाही, पण नणंद खोलीबाहेर पोचली होती.

बाईंना गुरुकिल्ली सापडली. शेजारीण आली, एक ओकारी. शाळेचे सचिव आले, दोन. खरी मळमळ आठवड्यात गेली, तरी बाईंनी भांडं हलवलं नाही.

पण खोलीतून पळालेली माणसं घरी थोडीच जात होती? ती स्वयंपाकघरात बसत. बाईंच्या आजारपणासाठी रजा काढलेली सून चहावर चहा टाकी आणि जावेच्या भावाचं पुढं काय झालं ते उभ्यानं ऐके. एका दुपारी ती औषध द्यायला आली आणि बसल्या बसल्याच पेंगली. बाईंना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी तिला सगळं खरं सांगितलं. "उद्या तूही म्हण, मळमळतंय. घर कसं रिकामं होतं बघ."

दुसऱ्या दिवशी सून नणंदेला म्हणाली, "आत्या, मला जरा मळमळतंय."

नणंदेनं कप खाली ठेवला. "कितवा महिना?"

"अहो, तसलं काही नाही."

"लाजते बघा," म्हणत तिनं फोन उचलला. संध्याकाळपर्यंत घरात चौदा माणसं जमली. सून जितकं नाही म्हणे, तितकी त्यांची खात्री पटे. तिला हाताला धरून बाईंच्याच पलंगावर आडवं केलं, पायाखाली उशी दिली.

"वहिनी, तुमचं पित्ताशय आता पुरे झालं," नणंद बाईंना म्हणाली. "उठा, चहा टाका."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. ती डोळे मिटून स्वस्थ पडली होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "माझ्यात साखर कमी."