उलट्या काट्याचा गळ

एकतीस वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाला मिनिकॉय बेटावर कुणी अडाणी म्हणत नाही. निदान तोंडावर तरी नाही. म्हणून झकरिया माणिक कायमचा घरी आला, तरी आदमफुळू तांडेलाने त्याला तीन महिने होडीवर बोलावलंच नाही. अख्खं जग फिरलेला गडी, याला आपल्या होडीत कुठे बसवायचं, असा तांडेलाचा संकोच. आणि आपल्याला कुणी विचारत नाही, ही झकरियाची सल. दोघं एकाच गल्लीत नागडे वाढलेले, पण एवढं साधं बोलायला दोघांच्याही जिभा जड झाल्या होत्या. पुरुषांचं हे असंच असतं, काय करणार.

घर बायकोचं होतं. इथे सगळीच घरं बायकांची, त्यात नवल नाही. पण त्याची बायको सारंबी ही गावच्या बायकांची प्रमुख. सकाळपासून तिच्याकडे माणसांची रीघ, आणि झकरिया पायरीवर बसलेला. येणारा त्याला सलाम करायचा, "सारंबीताई आहेत का?" विचारायचा आणि आत जायचा. स्वतःच्या दारात तो पाहुणा झाला होता.

त्यात जहाज कंपनीचा निरोप आला. नऊ महिन्यांचं कंत्राट आहे, माणूस कमी पडतोय, रविवारपर्यंत कोचीला हजर व्हा. कोचीची बोट गुरुवारी होती. झकरियाने कागद सारंबीपुढे धरला. तिने नीरफणस चिरता चिरता तो वाचला.

"तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली.

एकतीस वर्षं, दर खेपेला, ती हेच म्हणत आली होती. हिला काही फरकच पडत नाही, असं त्याला वाटलं, आणि या वेळी ते जरा जास्तच लागलं.

मंगळवारी त्याने लाज सोडली आणि तांडेलाला गाठलं. "आदम, जायच्या आधी एकदा मला कुपा मासे धरायला घेऊन चल."

"एवढंच ना? मग तीन महिने तोंड शिवून कशाला बसलास?" तांडेल म्हणाला. "पहाटे ये. काठी मी देतो."

काठी तांडेलाने दिली, पण गळ झकरियाने स्वतःचा बांधला. इथे घोटाळा झाला. मिनिकॉयच्या गळाला मासा अडकवून धरणारा उलटा काटा नसतो. चाऱ्याची बारीक मासळी पाण्यात भिरकावली, वरून पाणी उडवलं, की कुप्याचा थवा खुळ्यासारखा तुटून पडतो. गडी ओळीने उभे राहून काठी मारतात, मासा डोक्यावरून मागे येतो आणि दोरी सैल पडताच आपोआप सुटतो. हात लावायचा नाही, मागे बघायचं नाही. पण झकरियाने उभ्या आयुष्यात मासे धरले ते परक्या बंदरांत, जहाजाच्या कठड्यावरून. बिनकाट्याच्या गळावर त्याचा भरवसाच बसेना. सगळ्यांसमोर आपलाच मासा सुटला तर? म्हणून त्याने सिंगापूरचा चकचकीत गळ लावला, चांगला दणकट काट्याचा.

थवा मिळाला, आणि कसला मिळाला. पाणी नुसतं उकळत होतं. पहिलाच कुपा झकरियाच्या गळाला लागला. त्याने जोर करून काठी मागे ओढली, मासा उडाला, पण सुटेना. दोरीला लोंबकळत तो हातभर कुपा गर्रकन फिरला आणि तांडेलाच्या कानशिलावर बसला. तांडेल कोलमडला तो थेट चाऱ्याच्या हौदावर. पोरांनी मासळी उपसून ठेवलेल्या टोपल्या एकदम समुद्रात उलटल्या. बाकीच्या गड्यांनी जेमतेम छत्तीस कुपे ओढले, तोवर थवा फुकटची मेजवानी झोडून निघून गेला. झकरिया मात्र गुडघ्यावर बसून त्या एका माशाच्या जबड्यातून गळ सोडवतच होता.

किनाऱ्यावर बायकांनी मासे उकडायला मोठाले टोप चढवून ठेवले होते. चारशे कुपे येतील म्हणून चुली पेटवलेल्या, आणि होडीतून उतरले सदतीस. कुणी चिडलं नाही, हेच वाईट. आधी एक म्हातारी हसली, मग दुसरी, मग अख्खा किनारा पोट धरून बसला. तांडेलाचा सुजलेला कान बघायला पोरं रांग लावून आली. दुपारपर्यंत झकरियाचं नाव 'काट्या' पडलं होतं.

तो घरी आला तो सरळ माडीवर. आपलं इथे काही जमायचं नाही. जहाजावर निदान आपल्याला काम येतं. त्याने खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली, झाकण उचललं, आणि आतून कुणीतरी त्याच्या बोटाला कडकडून चोच मारली.

पेटीत सुक्या झावळ्या अंथरून कोंबडी बसली होती. खुडूक. पिसं फुलवून, त्याच्याकडे एका डोळ्याने रोखून बघत.

"सारंबी, हे काय आहे?"

ती जिन्यात येऊन उभी राहिली. "अंडी उबवतेय. कालच बसवली. एकवीस दिवस हलवायची नाही."

"अगं, माझी उद्या बोट आहे."

"मग पेटीशिवाय जा. नाहीतर उचला तिला आणि पिल्लांचं पाप घ्या डोक्यावर."

"सगळं गाव हसतंय मला," तो म्हणाला. "कोणत्या तोंडाने राहू इथे?"

सारंबी खाटेच्या कडेला टेकली. "एकतीस वर्षांत या गावात तुमचं नाव कुणी काढलं नाही. ना हसून, ना रागाने. 'सारंबीचा नवरा, तो जहाजावर असतो', बस. आज बघा, एक चूल नाही जिच्यावर तुमचं नाव नाही. हसू दे की. आपल्याच माणसाला हसतात."

मग खाली बघत ती म्हणाली, "दीपस्तंभासमोरून जाणारं प्रत्येक जहाज मी तुमचंच धरलं. तुम्ही जाताना कधी अडवलं नाही, कारण अडवलं आणि तरी गेलात, तर काय करायचं, हे मला कळत नव्हतं. आता म्हणते. नका जाऊ."

झकरिया तिच्याशेजारी टेकला. जहाजावरून त्याच दिव्याकडे बोट दाखवून, त्याखाली माझं घर आहे, असं तो दर फेरीत सोबत्यांना सांगायचा. ते तिला कधी सांगायचं सुचलंच नव्हतं. आज त्याने सांगितलं.

खालून तांडेलाची हाक आली. "काट्या, उद्या येतोयस ना? माझा एक कान अजून शाबूत आहे."

झकरियाने खिडकीतून डोकं काढलं. "येतो," तो ओरडला. "कानस आहे का तुझ्याकडे?"

कानस आली. संध्याकाळपर्यंत तो पेटीशेजारी बसून सिंगापूरच्या गळाचा उलटा काटा घासून काढत होता, आणि त्या खरखरीवर कोंबडी कुरकुरत होती.